विजेच्या मोटारीला वीज कशी द्यावी?

पालघर-बोईसर रस्त्यावर घटकाभर उभे राहा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरपाट्या पाहा. काही पाट्या हिरव्या दिसतील. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी गाडी. पाटीवर पांढरे आकडे असले तर गाडी घरची. पिवळे असले तर भाड्याची. या गाडीला पेट्रोल नको, डिझेल नको. तिच्यात मोठी बॅटरी असते. त्या बॅटरीत वीज भरावी लागते. याला सगळे चार्जिंग म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

आमच्या आळीत एका तरुणाने अशी मोटार घेतली. तो माझा जुना विद्यार्थी. तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जातो. एका रात्री मी जेवून शतपावली करीत होतो. पाहतो तो काय! याच्या खिडकीतून एक वायर बाहेर आली आहे आणि अंगणातून मोटारीपर्यंत गेली आहे. दिव्याला असते तशी बारीक वायर. मध्ये एक जोड, त्यावर चिकटपट्टी. मी जोडाला बोट लावले, तर तो चांगलाच तापलेला. (असा हात लावू नये. मी लावला, ती माझी चूक.)

"अरे, हे काय चालवलंयस?" मी विचारले.

"गुरुजी, फोन चार्ज करतो तसंच आहे की हे. फक्त गाडी मोठी."

"गाडी मोठी ना? मग वायर बारीक का?"

तो गप्प बसला. मग आम्ही ओट्यावर बसून हिशेब केला. तोच तुम्हांला सांगतो.

छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. ही मोटार घरच्या मोठ्या, म्हणजे १५ अँपिअरच्या प्लगावर सुमारे ३,००० वॅट घेते. म्हणजे एकाच वायरीवर चाळीस पंखे! इस्त्रीही पुष्कळ वीज खाते; पण ती अर्ध्या तासात बंद होते आणि वायर निवते. मोटार मात्र सात-आठ तास सारखी वीज ओढते. तारेतून दुप्पट वीज वाहिली तर तार चौपट तापते. बारीक वायरीचे वेष्टण त्याने मऊ पडते. सैल जोड तर त्याहून जास्त तापतो. आग लागायची ती बहुधा तिथेच.

कोणी म्हणतात, आपल्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र, तेव्हा आपल्याकडची वीजच जोराची. हा गैरसमज आहे. ते केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथली वीज मोठ्या तारांवरून सगळ्यांच्या जाळ्यात जाते. घरात येते ती इथेही २३० व्होल्टची आणि नागपुरातही तेवढीच.

मग करायचे काय? परवाना असलेला वायरमन बोलवावा. मीटरपासून मोटारीच्या जागेपर्यंत वेगळी जाड तार ओढून घ्यावी. तांब्याची, चार चौरस मिलिमीटरची. तिला स्वतंत्र एमसीबी, आणि झटका जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारा आरसीसीबी खटका. अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असे शब्द असतात. तो आकडा वाचा. कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या.

स्कूटरवाल्यांनी तर आणखी जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसईला, स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावली होती. तिचा स्फोट झाला. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. तेव्हा निजायच्या खोलीत बॅटरी लावू नका. दाराच्या वाटेतही नको; आग लागली तर बाहेर पडायचे कुठून? चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा.

आता पैशांचे बघू. लहान मोटार एका युनिटात सात किलोमीटर जाते असे धरा. पालघर ते बोईसर जाऊन येऊन रोजचे २८ किलोमीटर, म्हणजे चार युनिटे. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०० युनिटे. घरचा वापर आधी ९० असेल तर बिलावर १९० दिसतील. पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढच्या ९० ना वरचा. सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हे खरे नाही. मोटारीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमांत तशी तरतूद केली आहे.

लांब जायचे तर बाहेरचे चार्जिंग लागते. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर अशी ठिकाणे आहेत. तिथले यंत्र घरच्या प्लगाच्या दहापट जोराने आणि त्याहूनही जास्त वीज देते. घरी रात्रभर लागते ते काम तासाभरात होते. पण दर घरच्यापेक्षा महाग. पैसे बहुधा फोनवरून द्यावे लागतात. म्हणून नळी लावण्याआधी यंत्रावरचा 'रुपये प्रति युनिट' हा आकडा वाचावा. लाजू नये, कळले नाही तर विचारावे.

तिथे एक गंमत दिसते. बॅटरी ८० टक्के भरेपर्यंत आकडा भराभर चढतो, पुढे रेंगाळतो. डहाणू लोकल आठवा. रिकाम्या डब्यात माणसे पटापट बसतात. डबा भरत आला की एकेकाला सरकून जागा करावी लागते. बॅटरीचेही तसेच. म्हणून ८० टक्क्यांवर नळी काढावी. मागे दुसरी गाडी खोळंबलेली असते.

आमच्या तरुणाने पुढच्याच रविवारी वायरमन आणला. मी खुर्ची टाकून बसलोच होतो. जुनी बारीक वायर त्याने गुंडाळून माळ्यावर ठेवली. मी ती खाली काढायला लावली आणि तिचे तुकडे करविले. नाहीतर दिवाळीच्या पाहुण्यांना गाडी लावायची झाली की ती पुन्हा खिडकीतून बाहेर आली असती.