लहान जलटरबाइने व वंगणाची निगा

वडोदरा शहराचा पंप व विद्युत यंत्रांच्या उद्योगाशी जुना संबंध आहे. तेथे नानूभाई अमीन यांनी १९४३ साली स्थापन केलेल्या ज्योती लिमिटेड या कंपनीने लहान जलविद्युत केंद्रांसाठी टरबाइनेही तयार केली. भारतात २५ मेगावॅटपर्यंतची केंद्रे या वर्गात गणली जातात. त्यांपैकी जी धरणाच्या पायथ्याशी किंवा कालव्यावर आहेत, ती बहुधा सिंचनासाठी पाणी सुटते तेव्हाच चालतात. ऐन आवर्तनात बेअरिंग निकामी झाल्यास पाणी शेताकडे जाते. वीज मात्र कायमची हुकते.

तेलावर चालणाऱ्या बेअरिंगमध्ये फिरता शाफ्ट धातूवर टेकलेला नसतो. केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. ब्यूशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याला १८८३ च्या सुमारास प्रयोगात आढळले की, बेअरिंगमधील तेलाचा दाब भोकात ठोकलेले बूचही बाहेर ढकलतो. त्याची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडली. हा दाब शाफ्टच्या वेगामुळे निर्माण होतो. साहजिकच सुरू होताना व थांबताना थर अपुरा असतो आणि झीज अधिक होते. म्हणून यंत्र थांबविताना वेग पुरेसा उतरल्यावर ब्रेक लावून ते लवकर स्थिर करतात.

तेलाचा मोठा शत्रू पाणी होय. शाफ्टच्या सीलमधून किंवा शीतकाच्या फुटक्या नळीतून ते तेलात शिरते. तेल दुधाळ दिसू लागणे ही त्याची खूण. तेलाची पातळी घटली तर गळती शोधली जाते. परंतु पातळी आपोआप वाढली, तर तीही तितकीच गंभीर सूचना समजावी. उष्णतेचाही विचार हवा. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की तेलाचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे.

अगदी लहान संचांत ग्रीसवर चालणारी बॉल अथवा रोलर बेअरिंगे असतात. तेथे अधिक ग्रीस म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते. तसेच निरनिराळ्या जातींची ग्रीसे मिसळल्यास ती पातळ होऊन गळू शकतात.

तेलाची पातळी, रंग व बेअरिंगचे तापमान यांची प्रत्येक पाळीत नोंद ठेवण्यास काही मिनिटे पुरतात. आवर्तन संपल्यावर तेल तपासून घ्यावे. कालव्याचे पाणी शेतीस व पिण्यासही लागते. त्यात तेलाचा थेंबही जाऊ न देणे हे याच निगेचे अंग आहे.