भिंतींच्या आधी तेल

गिरणगावातली एखादी गिरणी पाडायला घेतली, की तिथल्या बहुतेक वस्तूंना आधीच गिऱ्हाईक ठरलेलं असतं. सागवानी तुळया, बिडाचे खांब, जिन्याचे कठडे, पितळी झडपा, तांब्याच्या तारा, सगळं वजनावर जातं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्न क्रमांकाच्या नियमाने त्यांच्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्या, आणि वास्तू उतरवण्याचा एक मोठा धंदाच मुंबईत उभा राहिला. या सगळ्या उतरवाउतरवीत बॉयलरघरामागे जमिनीत पुरलेली तेलाची टाकी आणि कोपऱ्यातला गंजलेला ट्रान्सफॉर्मर यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तो सगळ्यात आधी व्हायला हवा, एवढंच सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

हा प्रश्न फक्त गिरण्यांचा नाही. जुन्या इस्पितळांत चादरी धुण्यासाठी आणि निर्जंतुकीकरणासाठी वाफ लागायची, म्हणून बॉयलर असायचा. एकपडदा चित्रपटगृहांत वीज गेली तर खेळ थांबू नये म्हणून जनरेटर आणि त्याची डिझेल टाकी असे. छापखाने, धुलाई केंद्रं, गॅरेजं, जुनी हॉटेलं, बर्फाचे कारखाने, प्रत्येकाच्या पोटात कुठलं ना कुठलं तेल आहे. लिफ्टच्या गिअरपेटीत आहे, हायड्रॉलिक लिफ्ट असेल तर तिच्या खड्ड्यात आहे, हॉटेलच्या मोरीखालच्या चरबीच्या कुंडीत आहे. आज पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींचे कागद चाळले तर त्यात चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडं, सगळं सापडतं. तेलाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

आपल्याकडे जुन्या तेलाला कचरा म्हणायची सवयच नाही. काळं ऑइल ही कामाची वस्तू. सेंट्रिंगच्या प्लेटांना ते लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. साचलेल्या पाण्यावर डासांसाठी टाकतात. त्यामुळे पाडकामाच्या जागेवरून तेलाचा एखादा ड्रम कोणी हातगाडीवर घालून नेला, तर कोणाला काही वावगं वाटत नाही. पण त्या ड्रममधलं तेल नेमकं कसलं, हे नेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. खरा धोका इथेच सुरू होतो.

सगळ्यात वाईट तेल दिसायला सगळ्यात स्वच्छ असतं. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, या रसायनांचं व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९२९ च्या सुमारास सुरू झालं. ती सहजी पेट घेत नाहीत, खराब होत नाहीत, वीज अडवतात. त्यामुळे इमारतीच्या आत ठेवायच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कपॅसिटरमध्ये साध्या खनिज तेलाऐवजी हे द्रव भरण्याची पद्धत जगभर पडली. आपल्याकडे ही रसायनं यंत्रांबरोबर आयात होऊन आली. जे गुण इंजिनिअरांना आवडले तेच पुढे अंगाशी आले, कारण न जळणारं आणि न कुजणारं रसायन एकदा मातीत, माशांत, माणसाच्या चरबीत शिरलं की दशकानुदशकं तिथून हलत नाही. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याचं खाद्यतेल तयार करणाऱ्या कारखान्यात, तेल तापवण्यासाठी नळ्यांतून फिरणारं पीसीबी गळून तेलात मिसळलं. ते तेल खाल्लेल्या हजारो लोकांना त्वचेचे, डोळ्यांचे आणि यकृताचे विकार जडले. जपानात हा आजार युशो या नावाने ओळखला जातो.

इमारतीच्या संदर्भात मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन शहराचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या सरकारी कार्यालयाच्या अठरा मजली इमारतीच्या तळघरात ५ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे विजेच्या साहित्याला आग लागली. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चार हजार लिटरच्या आसपास पीसीबीयुक्त द्रव होता. उष्णतेने त्याला तडा गेला आणि सातशे लिटरच्या आत-बाहेर द्रव बाहेर पडला. आग तशी लहान होती, लवकर विझलीही. पण तापलेल्या द्रवाची काजळी हवेच्या झडपांतून, छतांच्या पोकळ्यांतून थेट वरच्या मजल्यापर्यंत पोहोचली. त्या काजळीत पीसीबीपेक्षाही विषारी असे डायॉक्सिन आणि फ्युरान सापडले. इमारत जेमतेम काही वर्षं वापरलेली होती. ती पुन्हा उघडायला १९९४ साल उजाडलं आणि साफसफाईचा खर्च पाच कोटी डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे इमारत बांधायला लागला त्यापेक्षा खूपच जास्त. एका ट्रान्सफॉर्मरमधल्या द्रवाचा सहावा हिस्सा सांडला, त्याची ही किंमत.

पाडकामाच्या जागेवर हेच उलट्या क्रमाने घडतं. भंगारवाल्याला हवं असतं आतलं तांबं. ते काढायचं तर तेल आधी ओतायला हवं, आणि ते ओतलं जातं तिथेच, जमिनीवर किंवा शेजारच्या गटारात. खेड्यापाड्यात डीपीतलं तेल आणि तांबं चोरीला जाण्याच्या बातम्या आपण वाचतोच. फरक इतकाच, की इथे हे काम दिवसाढवळ्या, पावती फाडून होतं.

मग ओळखायचं कसं? एक प्राथमिक खूण सोपी आहे. काचेच्या छोट्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यायचं आणि हातमोजे घालून, नमुन्याचे चार-पाच थेंब त्यात सोडायचे. साधं ट्रान्सफॉर्मर ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर तरंगतं. शुद्ध पीसीबीचा द्रव पाण्याच्या दीडपट जड असतो. तो थेंब मणी ओघळावा तसा तळाला जाऊन बसतो. थेंब बुडाला तर तिथलं काम त्याच क्षणी थांबवायचं. पण तरंगला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दुरुस्तीच्या कार्यशाळेत एकाच पंपाने आणि एकाच पाइपाने अनेक ट्रान्सफॉर्मर भरले जात, त्यामुळे साध्या तेलातही पीसीबीचा अंश मिसळलेला असू शकतो. तो दहा लाखांत पन्नास भागांपेक्षा जास्त असेल तर ते तेल जगभर पीसीबी कचराच धरलं जातं. हे फक्त प्रयोगशाळाच सांगू शकते. भारत सरकारने २०१६ मध्ये काढलेल्या आदेशानुसार पीसीबी असलेली यंत्रं वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती, आणि स्टॉकहोम करारानुसार त्यांची सुरक्षित विल्हेवाट २०२८ पर्यंत लावायची आहे. म्हणजे जुन्या इमारतीत ट्रान्सफॉर्मर बंद पडून आहे, म्हणून तो नाहीच असं मानता येत नाही. आणखी एक गोष्ट. आवारात बेस्टचं किंवा महावितरणचं सबस्टेशन असेल तर ते त्यांचं आहे. त्याला हात न लावता त्यांनाच पत्र द्यावं.

आता जमिनीतल्या टाकीकडे वळू. बॉयलरचं फर्नेस ऑइल म्हणजे शुद्धीकरणाच्या शेवटी उरणारं जड, काळं इंधन. थंडीत ते मधापेक्षा घट्ट होतं. गिरणी चालू होती तेव्हा टाकीत वाफेच्या नळ्या फिरवून ते पातळ ठेवत. बॉयलर विझला, वाफ गेली, आणि तेल वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी आत गेलं. तेलातला गंधक, पाण्यातले जिवाणू आणि टाकीचा गंज यांनी तळाशी डांबरासारखा गाळ धरला.

अशी टाकी उघडण्याआधी जाणकार माणूस डिपची काठी मागतो. पेट्रोल पंपावर काठीला लावतात ती पाणी ओळखणारी पेस्ट काठीच्या खालच्या भागाला फासायची आणि काठी सरळ तळापर्यंत सोडायची. वर काढली की काठीवर तीन पट्टे दिसतात: वर काळं तेल, मध्ये रंग बदललेल्या पेस्टचा पाण्याचा भाग, आणि टोकाला चिकटलेला गाळ. किती टँकर लागणार, पाणी वेगळं काढता येणार का, गाळासाठी किती पिंपं हवीत, हे सगळं या काठीवरून ठरतं. नमुने घ्यायचे ते तीन पातळ्यांवरून. वरून बादली बुडवून घेतलेला नमुना तळाबद्दल काहीच सांगत नाही.

तेल पातळ करायला उष्णता लागते, पण ती बेताने. फर्नेस ऑइल साधारण ६६ अंशांच्या पुढे पेट घेऊ शकणारी वाफ सोडतं, त्यामुळे त्याच्या बरंच खाली राहून गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात, नाहीतर हलकं तेल मिसळतात. मग व्हॅक्यूम टँकरने उपसा करतात. साबण किंवा डिटर्जंट टाकून धुवायचा मोह इथे हमखास होतो. तो टाळावा, कारण साबणाने तेल पाण्यात इतकं बारीक विरघळल्यासारखं पसरतं की ते पुन्हा वेगळं काढणं अतिशय अवघड होतं. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तेल आणि चरबी लिटरमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आणि मुंबईतली पावसाच्या पाण्याची गटारं तर कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट खाडीत आणि समुद्रात जातात. मिठी नदीच्या काठी तेलाची पिंपं धुणाऱ्यांनी त्या नदीची काय अवस्था केली, हे २००५ च्या पुरानंतर सगळ्या शहराने पाहिलं.

तेल निघालं की माणसं सैल होतात, आणि मृत्यू नेमके याच वेळी होतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. गंजणारं लोखंड आतला प्राणवायू खातं. गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस खाली उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मलकुंडांच्या बातम्यांत आपण हे इतक्या वेळा वाचलं आहे, की त्याचा संताप यायला हवा तेवढा येत नाही. कायदा स्पष्ट आहे. कारखाना अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमाने अशा जागेत तपासणीशिवाय माणूस उतरवायला मनाई केली. पेट्रोलियम नियमांनुसार टाकी वायुमुक्त असल्याचं सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र लागतं. हे नियम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या वर, ज्वलनशील वायू पेटण्याच्या किमान पातळीच्या एक दशांशाच्या खाली, कमरेला दोरी, वर सतत उभा असलेला माणूस, चोवीस व्होल्टपेक्षा जास्त नसलेला दिवा. यातलं एक जरी नसेल तर मुकादमाने "चल रे, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणायचं नाही, आणि म्हटलं तर मालकाने त्याला अडवायचं. टाकी कापायचीच असेल तर गॅस कटर सगळ्यात शेवटी, धुऊन, वायुमुक्त करून झाल्यावरच.

यापुढचा भाग पैशाचा आहे. तेलाला गिऱ्हाईक असतं, गाळाला नसतं. वापरलेलं तेल पीसीबी, शिसं, आर्सेनिक यांच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण कारखाना ते पैसे देऊन नेतो, निर्वात ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल काढतो. गाळ, तेलकट चिंध्या, भुसा आणि माती यांना मात्र उलट पैसे मोजावे लागतात. त्यांची रवानगी तळोजा, महापे, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रांत होते, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत, जिथे ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या घरात असतं. म्हणून कंत्राटदार तेल आनंदाने उचलतो आणि गाळ राडारोड्यात लोटून देतो. यावर उपाय एकच. तेल, तेलकट पाणी, गाळ, रिकामी पिंपं आणि भिजलेली माती या सगळ्यांचं मिळून एकच कंत्राट द्यायचं, आणि तेलाच्या विक्रीचे पैसे त्यातच वळते करायचे. वेगवेगळी कंत्राटं दिली की गाळ बेवारस राहणार, हे मी ठामपणे म्हणेन.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार आवाराचा ताबा ज्याच्याकडे आहे, तो या कचऱ्याला जबाबदार असतो. पर्यावरणाचं नुकसान झालं तर भरपाईही त्याच्यावर येते. साठवण नव्वद दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही. माल निघतो तो सात प्रतींच्या वाहतूक पावतीवर, आणि त्यातली निळी प्रत, माल पोहोचल्याची सही घेऊन, केंद्राकडून परत पाठवणाऱ्याकडे यावी लागते. सोसायटीच्या चिटणीसाने किंवा ट्रस्टच्या व्यवस्थापकाने एवढी एक प्रत मागायची सवय लावली, तरी रात्री रिकामे होणारे बरेच टँकर थांबतील.

टाकी निघाल्यावर खड्डा लगेच बुजवू नये. बाजूंची आणि तळाची माती पाहावी. काळपट, तेलकट माती दिसेल तेवढी खणून घातक कचऱ्यातच घालावी आणि खालच्या मातीचा नमुना तपासून घ्यावा. शेजारी विहीर असेल तर तिचंही पाणी तपासावं. जुन्या मुंबईत, दादर-परळच्या वाड्यांत अशा विहिरी अजून आहेत. टाकी काढणं शक्यच नसेल, तिच्यावर भिंत किंवा रस्ता आला असेल, तर ती रिकामी, स्वच्छ, वायुमुक्त करून वाळूने किंवा पातळ काँक्रीटने पूर्ण भरतात, आणि तिची जागा, माप व भरल्याची तारीख नव्या इमारतीच्या नकाशावर नोंदवतात. पाडकामाच्या कंत्राटदाराचं शेवटचं बिल या नोंदी आणि ती निळी प्रत हातात आल्यावरच चुकतं करावं.