हरकतीचे सात दिवस

नाशिकमध्ये 'उपनगर' हे एका ठिकाणाचं नाव आहे. पुणे रस्त्यावर त्या नावाचा थांबा आहे, त्या नावाचं पोलीस ठाणं आहे, आणि रिक्षावाल्याला 'उपनगर' म्हटलं की तो नेमका तिथेच नेऊन सोडतो. बाकीचं शहर स्वतःला उपनगर म्हणवून घेत नाही; पण बहुतेक नाशिककर आज राहतात ते उपनगरांतच. 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची वीसेक गावं एकत्र करून महापालिका झाली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या गरजेतून सिडकोच्या सहा योजना उभ्या राहिल्या. मग इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळ, आडगाव असं शहर द्राक्षबागा आणि मळे ओलांडत पसरत गेलं. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14,86,053 भरली. जुन्या नाशकातली माणसं वाडा, गल्ली, तालीम आणि रंगपंचमीच्या रहाडीने, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाने, एकमेकांना बांधलेली होती. धुळे-जळगावहून, कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या कसमादे पट्ट्यातून कामासाठी येऊन सिडकोत स्थिरावलेल्यांपाशी यातलं काहीच नव्हतं. त्यांनी मंडळं काढली. कॉलनीचं मित्रमंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, आणि प्रसंग पडला की 'कृती समिती'. नळाला दाब नाही, पथदीप बंद आहे, मोकळ्या भूखंडावर कुणी रातोरात पत्रे ठोकले, अशा कारणांनी ही मंडळं जन्माला आली आणि त्यातली काही टिकली.

या मंडळांविषयी दोन मतं ऐकू येतात. हेच शहराचे खरे राखणदार, असं एक. हे नुसते खोडा घालणारे, निवृत्तांचा विरंगुळा, असं दुसरं. दोन्ही मतं मंडळांच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. मला वाटतं, पाहायला हवं ते वेळेकडे. नागरिकाला बोलायला कधी बोलावलं जातं? नाशकात, आणि राज्यातल्या बहुतेक शहरांत, ते सगळ्यात शेवटी. आराखडा झालेला असतो, खर्चाला मंजुरी मिळालेली असते, ठेकेदार ठरलेला असतो. मग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहीर नोटीस येते. त्या टप्प्यावर नागरिकाला 'नको' एवढंच म्हणता येतं. मग तो 'नको'च म्हणतो, आणि त्याच्यावर विरोधक असा शिक्का बसतो.

त्या नोटिशीचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 प्रमाणे झाड तोडायचं तर वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि झाडाच्या दर्शनी भागावर ती चिकटवावीही लागते. झाडाचा क्रमांक, जात, तोडण्याचं कारण, आणि खाली 'सात दिवसांच्या आत लेखी हरकती'. एका पावसात तो कागद लगदा होतो. त्या सात दिवसांत मंडळाने काय करायचं? झाडं मोजायची, बुंध्याचे घेर घ्यायचे, यादीत दहा म्हटलेली झाडं प्रत्यक्षात बारा तर नाहीत ना हे पाहायचं, लेटरहेडवर हरकत लिहायची, दोन प्रती काढून विभागीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर उभं राहायचं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. त्या निळ्या शिक्क्याखेरीज पुढे कोर्टात काहीच उभं राहत नाही. मोर्च्याचं छायाचित्र छापून येतं. केस जिंकून देते ती पोच. हे जाणणारा एखादा निवृत्त लिपिक मंडळात असणं दहा भाषणांपेक्षा मोलाचं ठरतं.

2022 च्या सुरुवातीला उंटवाडीत हेच घडलं. सिटी सेंटर मॉलच्या परिसरातून जाणाऱ्या उड्डाणपुलाच्या वाटेत म्हसोबा महाराजांच्या देवस्थानापाशी असलेला, लोक दोनशे वर्षांचा मानतात तो वड येत होता. त्याच्याबरोबर शेकडो झाडं. लोक जमले, हरकतींचा ढीग लागला, आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांना वड वाचेल, आराखडा बदलेल असं जाहीर करावं लागलं. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली होती: पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष', आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. म्हणजे दोनशे वर्षांच्या वडाला दोनशे रोपं. हा हिशेब कागदावर चोख आहे. उंटवाडीच्या चौकात उभं राहून तो कुणाला पटवून देता येत नाही. पण खरा प्रश्न वेगळाच. तो वड काही एका रात्रीत उगवला नव्हता. पुलाची रेघ नकाशावर ओढणाऱ्याने पहिल्या दिवशी तिथल्या चार माणसांना विचारलं असतं, तर मंत्र्यांपर्यंत जायची वेळच आली नसती.

तपोवनात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये महापालिकेने तिथल्या सुमारे 1,700 ते 1,800 झाडांविषयी नोटीस काढली. हरकती शेकड्यांनी आल्या. सुनावणीत गदारोळ झाला, झाडांना मिठ्या मारणारी माणसं देशभरच्या वाहिन्यांवर दिसली, अभिनेते सयाजी शिंदे येऊन उभे राहिले. सरकारने राजमुंद्रीहून मोठी रोपं आणून 15,000 झाडं लावण्याची घोषणा केली. डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. आता ध्यानात घ्या: सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. त्याची तिथी पंचांगात आधीच ठरलेली असते. एवढी लांब मुदत ज्या कामाला आहे, त्याच्या जागेविषयी नागरिकांशी बोलणं मात्र हरकतीच्या मुदतीत उरकायचं! शिवाय तोडीची मागणी महापालिकेची, आणि हरकती ऐकणारं वृक्ष प्राधिकरणही महापालिकेचंच. त्या काळात तर सभागृहही नव्हतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. ज्यांच्या दारात जाऊन भांडायचं ते दारच बंद. तपोवनातली गर्दी पर्यावरणप्रेमातून आली हे खरंच आहे. या बंद दाराचाही तिच्यात वाटा होता.

उशिरा विचारण्याची किंमत रुपयांत मोजायची तर गोदावरीकडे पाहावं. 2003 च्या सिंहस्थाआधी रामकुंड परिसरात नदीच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. जुनी कुंडं त्याखाली गेली, तळाचे झरे बुजले. तेव्हा कुणाला विचारायची पद्धतच नव्हती. पुढे देवांग जानी आणि गोदाप्रेमींनी जुने नकाशे, जुने दस्तऐवज काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, न्यायालयात गेले, आणि जनतेच्या पैशाने घातलेलं काँक्रीट जनतेच्याच पैशाने फोडायची वेळ आली. प्रदूषणाचीही हीच कथा. गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाचे राजेश पंडित आणि सहकारी 2012 मध्ये उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला उपाय सुचवायला सांगितलं. नदीत सांडपाणी सोडू नये ही काही तज्ज्ञांनी शोधून काढायची बाब नव्हे, तरी ती सांगायला न्यायालय लागलं. दहा-दहा वर्षं तारखा करणारी ही माणसं पगारी नाहीत. त्यांनी शहरासाठी जे केलं त्याचं मोल मोठंच. पण हे शहर एवढ्या थोड्या लोकांच्या चिकाटीवर चालावं, ही अभिमानाची बाब नाही.

इथे कुणी 2018 ची आठवण काढील. तुकाराम मुंढे आयुक्त असताना 'वॉक विथ कमिशनर' सुरू झालं. सकाळी मैदानावर लोक टोकन घेऊन रांगेत उभे राहत, आयुक्त तिथल्या तिथे अधिकाऱ्याला जाब विचारत. हाच तर लोकसहभाग, असं तेव्हा वाटलं. मला तो दरबार वाटतो, चांगला दरबार, पण दरबारच. त्याच वर्षी मोकळ्या जागा आणि शहरहद्दीतल्या शेतजमिनींवरही वाढीव करयोग्य मूल्य लावण्याचा निर्णय झाला तेव्हा त्या मैदानावरच्या कुणालाही आधी विचारलेलं नव्हतं. मग आंदोलनं, अविश्वास ठरावाची तयारी, दरात कपात, ठराव मागे. नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली आणि मैदानावरची रांगही संपली. खड्ड्याची तक्रार ऐकणं ही एक गोष्ट आणि कराचा दर ठरवताना शेजारी बसवणं ही दुसरी. पहिलीच्या गाजावाजात दुसरी कायम विसरली जाते. मुंबईतही तेच: 1997 पासून रहिवाशांचे 'एएलएम' (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) गट कचरा वेगळा करतात, गल्ली राखतात. पालिका त्यांचं कौतुक करते. श्रमदानाला प्रशस्तिपत्र मिळतं, अंदाजपत्रकाची प्रत मागितली की साहेब मीटिंगमध्ये असतात.

विशेष म्हणजे कायद्यात जागा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. आपल्या महापालिका अधिनियमाच्या कलम 29-अ प्रमाणे प्रत्येक समितीवर त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांतले तीनपर्यंत सदस्य घेता येतात, आणि खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यांवर शिफारस करणं हे समितीचं काम आहे. म्हणजे नकाशावर रेघ ओढली जाण्याआधीची खुर्ची. 2009 च्या दुरुस्तीने तर क्षेत्रसभाही आणल्या: लगतच्या काही मतदान केंद्रांतले मतदार एकत्र बसून कामं सुचवतील, शहरातली ग्रामसभाच म्हणा. ही तरतूद छापली गेली आणि तिथेच राहिली. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनी प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची पद्धत आहे. तिच्यात उणिवा आहेत, पण निदान अर्ज भरायची वेळ खर्च ठरण्याआधीची आहे.

आता नगरसेवक आलेत, मग या मंडळांची गरज काय, असा आक्षेप येईल. आकडे पाहा. 122 नगरसेवक, 31 प्रभाग, बहुतेक चार सदस्यांचे. 2011 च्या लोकसंख्येनेच एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं येतात. आज त्याहून कितीतरी जास्त. चौघांतला आपला कोण, हे मतदारालाही सांगता येत नाही, आणि गटार तुंबली की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. सिंहस्थासाठी तर 2025 मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण झालंय. मोठे निर्णय आता सभागृहाच्याही पलीकडे होतात.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. या लोकांना निवडलं कुणी? झाडं, जॉगिंग ट्रॅक, आवाज हे प्रश्न गंगापूर रोड-कॉलेज रोडचे. फुलेनगरच्या झोपडपट्टीत शौचालयाचं दार तुटलंय, त्यासाठी कृती समिती दिसत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते मान्य न करणारं मंडळ स्वतःचंच नुकसान करतं. सकाळी रुंद पदपथासाठी निवेदन देणारे सायंकाळी आकाशवाणी केंद्राजवळच्या भाजीवाल्यांना उठवा म्हणून दुसरं निवेदन देतात. दुसऱ्या दिवशी भाजी त्यांच्याचकडून घेतात. पण उपाय मंडळं बंद करण्यात नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, रहिवासी संघटनांनाही त्याच टेबलावर बसवलं. समोर भाजीवाली बसली की निवेदनाची भाषा आपोआप बदलते. क्षेत्रसभेत मतदार म्हणून फुलेनगरही येईल आणि गंगापूर रोडही. आज लेटरहेड ज्याच्याकडे आहे तोच बोलतो.

तिसरा आक्षेप विकास अडवण्याचा. गंगापूर रोड रुंद झाल्यावर काही झाडं डांबराच्या आत उभी राहिली आणि रात्री दुचाकी त्यांवर आदळून माणसं गेली. वृक्षप्रेमींनी हा हिशेब टाळू नये. कोणतं झाड राखायचं, कोणतं हलवायचं, कुठे रस्त्यानेच वळण घ्यायचं, हे झाडागणिक ठरवावं लागतं, आणि ते 'नको' म्हणण्यापेक्षा अवघड काम आहे. पण रस्ता आधी आणि झाडाचा निर्णय मागून, हा क्रम काही वृक्षप्रेमींनी लावलेला नव्हता. 2013 चा विकास आराखडाही असाच विरोधात सापडला. तो नव्याने करावा लागला आणि मंजुरीला 2017 उजाडलं. चार वर्षं गेली ती विरोधामुळे, असं म्हणणाऱ्यांनी पहिला आराखडा करताना किती शेतकऱ्यांना, किती कॉलन्यांना बोलावलं होतं तेही सांगावं.

सात दिवसांच्या या सवयीने मंडळांचंही नुकसान केलंय. संकट आलं की व्हॉट्सॲप गट पेटतो, स्थगिती मिळाली की तिथे पुन्हा शुभ सकाळ. वर्षभराचं अंदाजपत्रक वाचणारे, आपल्या प्रभागात कोणत्या कामावर किती खर्च पडला हे माहितीच्या अधिकारात मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागला की मंडळाचं काय होणार हे कॉलनीला कळून चुकतं. याला उलट उदाहरण सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगराचं. 2015 च्या पर्यावरणदिनी आपलं पर्यावरण संस्थेच्या पुढाकाराने नाशिककरांनी तिथे वनजमिनीवर देशी जातींची सुमारे 11 हजार रोपं लावली. वन खात्याबरोबर, पहिल्या खड्ड्यापासून. पाणी घालायला माणसं पुढेही येत राहिली, कारण कुठे काय लावायचं हे त्यांनीच ठरवलं होतं.

ठरवण्याआधीची अशीच जागा प्रभाग समितीत आहे. नाशकात सहा विभाग, म्हणजे सहा प्रभाग समित्या. प्रत्येकीवर तीन धरले तर 18 खुर्च्या होतात. त्यांवर कुणाला बसवायचं हे त्या त्या समितीतले नगरसेवक ठरवतात, आणि राज्यात अन्यत्र या जागा बहुधा रिकाम्या राहिल्या किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरल्या. या खुर्च्या मागायला नवा कायदा नको, निधी नको, मोर्चा नको. मंडळाची नोंदणी, लेखापरीक्षणाचे अहवाल, केलेल्या कामाची कागदपत्रं आणि मतदार यादीतला क्रमांक जोडलेला एक अर्ज पुरे. दोन प्रतींत, आवक खिडकीवर, पोच घेऊन.