नाक मुरडणाऱ्या घरासाठी ज्वारी, शेंगा आणि हुलगा

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या टेंभुर्णीत आणि एकूणच माढा तालुक्यात घरचे रोजचे जेवण मुळातच वनस्पतींवर उभे आहे. ज्वारीची भाकरी, तुरीची किंवा शेंगदाण्याची आमटी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, कांदा. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने या भागात ऊस आला, केळीच्या बागा आल्या, पण रब्बीची ज्वारी ताटातून गेली नाही. मालदांडी ३५-१ हा प्रसिद्ध वाण याच सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेला, आणि शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. अडचण दोन जेवणांच्या मधल्या वेळेची आहे. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात वेफर्सचे पाकीट असते, मोठ्यांच्या चहासोबत खारी किंवा फरसाण असते, आणि संध्याकाळी भाकरी पुढे आली की कुणालाच भूक नसते.

अशा घरात पौष्टिक खाणे रुजवायचे तर आधी चोखंदळपणा कशाबद्दल आहे ते पाहावे लागते. साधारण दोन ते सहा या वयात मुले अनोळखी पदार्थाला घाबरतात. तो हट्ट नसून वाढीचा एक टप्पा आहे. मुलाने नवी चव स्वीकारायला ती त्याच्यासमोर अनेकदा, बहुतेक वेळा आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त वेळा, यावी लागते, असे बालकांच्या आहारावरचे अभ्यास सांगतात. बहुतेक घरांत मात्र दोन-तीन वेळा ताट परत आले की ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो. मोठ्यांचा चोखंदळपणा वेगळा असतो. त्यांना चवीपेक्षा पोत खटकतो: भाजी गिळगिळीत नको, उसळ पिठूळ नको, खाताना काहीतरी कुरकुरीत हवे. सोलापूरकडच्या स्वयंपाकात कुरकुरीत, खमंग आणि तिखट या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत. म्हणून इथे परकी पाककृती आणण्यापेक्षा घरच्याच पदार्थात प्रमाण बदलणे जास्त लवकर साधते.

धपाटे हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी बेसन, पाव वाटी गव्हाचे पीठ, तीळ, ओवा, हळद, तिखट आणि लसूण-जिऱ्याचे वाटण. सुरुवातीला त्यात मूठभरच बारीक चिरलेली मेथी घालावी. आठवड्याने मेथीसोबत किसलेला दुधी, पुढे पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला. भाजीचे पाणी सुटते म्हणून पीठ मळताना पाणी शेवटी आणि बेताने घालावे, नाहीतर धपाटे थापताना पसरते. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये बोटाने भोक पाडून, तव्यावर चमचाभर तेलात झाकण ठेवून भाजले की आतून मऊ आणि कडेने खरपूस होते. महिनाभरात पीठ आणि भाजी जवळजवळ निम्म्याने निम्मी होतात, आणि चव ओळखीचीच राहते. भाजी लपवून मात्र खाऊ घालू नये. मुलाला ती धपाट्यात दिसली, त्याने तिचे नाव ऐकले, तरच पुढे तो ती ताटात वेगळी खाईल.

ज्वारीचे पोषण तिच्या तंतूंत आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि तितकीच प्रथिने असतात, तर पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्या आसपास भरतात. ज्वारीत गव्हासारखे चिकट ग्लूटेन नाही, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावे लागते. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. ज्या घरात भाकरी ‘कोरडी लागते’ म्हणून नको असते, तिथे बहुतेक वेळा पाणी पुरेसे गरम नसते किंवा पीठ जुने असते. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे.

कुरकुरीत खाण्याची हौस भागवायला कडक भाकरीइतका सोयीचा पदार्थ नाही. अगदी पातळ थापलेली किंवा लाटलेली भाकरी मंद आचेवर सावकाश भाजून पूर्ण कोरडी करतात. ओलावाच उरत नसल्याने ती घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते. सोलापूर जिल्ह्यात बचत गटांनी या भाकरीचा चांगला व्यवसाय उभा केला आहे. तीळ लावलेल्या कडक भाकरीचा तुकडा आणि त्यावर शेंगाचटणी हा चार वाजताचा खाऊ मोठ्यांनाही पुरतो. वेफर्स खाताना जो आवाज आणि जो खारट-तिखटपणा मनाला हवा असतो, तो इथे मिळतो, आणि तेल शेंगदाण्याचे स्वतःचेच असते.

शेंगाचटणी मिक्सरमध्ये पटकन होते, पण चांगली होत नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, लाल तिखट, लसूण आणि मीठ घालून उखळात कुटले की दाण्यातले तेल हळूहळू सुटते आणि चटणी ओलसर, गोळा होण्यासारखी बनते. मिक्सरमध्ये करायची तर थांबून-थांबून फिरवावी. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, पण जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते, त्यामुळे एका वेळी चमचा-दोन चमचे पुरे. निवडताना सुरकुतलेले, काळे किंवा बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत. दमट दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. मुलांसाठी तिखट निम्मे करून जवस किंवा कारळे भाजून त्यात कुटता येतात. जवसातून ओमेगा-३ मेद मिळतो, पण तो बियांच्या कडक सालीत बंद असतो, म्हणून जवस कुटूनच खावे.

नागपंचमीला आणल्या जाणाऱ्या ज्वारीच्या लाह्या वर्षभर विसरल्या जातात, हे खरे म्हणजे नुकसान आहे. तापलेल्या कढईत दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, तिच्या दाबाने टरफल फुटते आणि दाणा फुलतो. फुलवायला तेल लागतच नाही. चार वाट्या लाह्यांना चमचाभर तेलाची मोहरी, कढीपत्ता, हळद यांची फोडणी, मूठभर भाजके शेंगदाणे आणि डाळवं एवढ्यावर चिवडा होतो. मीठ फोडणीत न घालता शेवटी वरून भुरभुरावे. जिभेला ते लगेच लागते, म्हणून कमी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आतच, मीठ खावे. फरसाण, लोणचे आणि पापड एकाच दिवशी झाले की ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

हुलगा हे या भागाचे खरे गुणी आणि दुर्लक्षित कडधान्य. कमी पाण्यावर येणारे, शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमहून जास्त प्रथिने आणि आठ मिलिग्रॅमहून अधिक लोह देणारे. ‘उग्र वास येतो’ म्हणून मुले त्याची उसळ दूर सारतात, तीच मुले त्याच्याच पिठाचे शेंगोळे आवडीने खातात, कारण त्यांना ते नूडल्ससारखे वाटतात. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळावे. हाताला तेल लावून पोळपाटावर लांब वळ्या कराव्यात आणि कडबोळ्यासारखी टोके जुळवावीत. लसणाच्या फोडणीत पाणी उकळून शेंगोळे त्यात सोडले की पंधरा-वीस मिनिटांत शिजतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. वळ्या करायला मुलांना बसवावे. स्वतः वळलेला पदार्थ मूल सहसा नाकारत नाही. खाताना लिंबू पिळावे, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह अंगी लागते. जेवणासोबतचा चहा नेमके उलटे करतो, तो तासभर मागे-पुढे ठेवलेला बरा.

मटकीचे गणित सोपे आहे. आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून एक रात्र ठेवली की मोड येतात आणि खनिजे अडवून धरणारे फायटिक आम्ल काही प्रमाणात कमी होते. लहान मुलांना मोड कच्चे न देता वाफवून द्यावेत, कारण दमट-उबदार जागी जंतूही वाढतात. भाकरीबरोबर उसळ हवीच: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्य पुरवते.

गोडासाठी शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ आणि गूळ यांचा लाडू चांगला, पण गूळ आरोग्याचा म्हणून मनसोक्त, हा समज चुकीचा आहे; शरीराच्या हिशेबी तो साखरेच्या जवळचाच. सुपारीएवढे लाडू वळावेत. टेंभुर्णीच्या परिसरात केळी, डाळिंबे आणि पेरू हाताशी असताना रोजचा गोड खाऊ फळाचाच असावा. तोही रस काढून न देता, चावून खायला द्यावा.

वाढताना घरातल्यांचे काम वाटून घेतलेले बरे असते. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, ते मुलाने. नव्या पदार्थासोबत ओळखीचा एक पदार्थ ताटात असावा आणि आग्रह, लाच किंवा शिक्षा नसावी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात, कूटच द्यावा. दूध-दहीही न घेणाऱ्या कुटुंबात ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही धान्य-कडधान्यातून पुरेसे मिळत नाही. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात, आणि वाढत्या मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या बाबतीत यात चालढकल करू नये.