ब्रेकच्या नळीचे टोक

गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचा आमचा बेत होता. आदल्या संध्याकाळी जुन्या शहरातून मोर्णेच्या पुलाकडे येताना ब्रेक दाबला आणि पायाला काही लागलेच नाही! दोन-तीनदा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. मागे नात बसली होती. हेच चिखलदऱ्याच्या घाटात झाले असते तर?

गाडी १९९६ सालची मारुती ८००. दोष सर्वस्वी माझा. आमचे शेत खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने मी गाडी खालून धूत असे. मागच्या चाकांकडे जाणारी नळी त्यामुळे गंजली. नवी मीच केली, तीही फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मित्राचे फ्लेअरिंग टूल मागून आणून! नळीचे टोक फुलवायचे ते अवजार.

आमच्या मिस्त्रींनी नळी सोडवली. फुलवलेल्या टोकाला केसाएवढी चीर होती.

"काका, हे तं फ्रिजच्या नळीचं काम हाये. बिरेकले हे चालत नाई."

फ्रिजची नळी मऊ तांब्याची, तिला एकेरी फुलवणे पुरते. ब्रेकची नळी पोलादी. एकेरी फुलवले की कडेला ताण येऊन ती तडकते. शिवाय जोराने ब्रेक दाबला की आतल्या तेलाचा दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे चाकातल्या हवेच्या जवळजवळ ५० पट! म्हणून ब्रेकसाठी टोक दुहेरी करतात: आधी एका छोट्या ठोकळ्याने कड आत वळवायची, मग शंकूने दाबून तिची घडी बसवायची. काही गाड्यांत टोक कुत्र्याच्या छत्रीसारखे गोल असते. एकाच्या जागी दुसरे बसत नाही. म्हणून बाजारात जाताना जुन्या नळीचे टोक खिशात घालून न्यावे.

सर्वांत स्वस्त टूल दोन पट्ट्यांत नळी आवळणारे. तांब्याला ठीक, पोलादी नळी त्यात सरकते, टोक वाकडे होते. तेलाच्या दाबावर चालणारे उत्तम, पण ते गॅरेजवाल्याने घ्यावे. मी मधले घेतले, बाकावरच्या शिकंज्यात धरायचे. त्यात ४.७५ मिलिमीटरचा साचा आहे ना, हे आधी पाहिले. ५ मिलिमीटरच्या साच्यात ती नळी ढिली राहते. (तयार नळी मिळत असेल तर मात्र हा खटाटोप करूच नये, असे माझे स्पष्ट मत.)

मिस्त्रींच्या देखरेखीखाली नळी हॅक्सॉने न कापता कटरने सरळ कापली, आतली कूस काढली, टोक सुरेख फुलवले. आणि लक्षात आले, नट आधी ओवायचा राहिला! पुन्हा कापाकापी. हिने चहा दारातच ठेवला आणि न बोलता आत गेली.

चौथे टोक मिस्त्रींना पसंत पडले. नळी बसवली, हवा काढली. मी ब्रेक गच्च दाबून धरला. मिस्त्रींनी सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद कोरडा राहिला.

चिखलदऱ्याला आम्ही दिवाळीनंतर गेलो.