विंचू, कोळंबी आणि हुमणीचं कूळ

वळवाचा पाऊस पडून गेला की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत दिव्यांभोवती पंखवाले जीव गोळा होतात, मोरीतून एखादी गोम निघते, कुंपणाच्या कडेनं वाणी चालू लागतात. घरोघरी सगळ्यांना एकच नाव: किडे. आणि एकच उपाय: चप्पल. खरं तर त्यातला कोण कुठल्या गटातला हे कळलं, तर कशाला भ्यायचं आणि कशाला नाही हेही कळतं.

हे सगळे संधिपाद प्राणी. सांधे असलेले पाय, खंडाखंडांचं शरीर आणि आत हाडं नसून बाहेर कायटिनचं कवच. कवच वाढत नाही, म्हणून मोठं व्हायचं तर कात टाकावी लागते. आजवर नोंदलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे 80 टक्के जाती याच संघातल्या आहेत.

कोळ्याला कीटक म्हणणं ही सर्वांत रूढ चूक. कीटकाला सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग असतात. कोळी, विंचू, गोचीड यांना आठ पाय असतात आणि डोक्यावर मिशा नसतात. खेकडा, कोळंबी हे कवचधारी. त्यांना मिशांच्या दोन जोड्या. गोम आणि वाणी बहुपाद, पण स्वभावानं अगदी वेगळे: गोम शिकार करते आणि चावते, वाणी कुजलेला पाला खातो आणि हात लागला की वेटोळं घालतो. त्याला मारण्याचं काहीच कारण नाही. वाळवीलाही ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, पण तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे.

विंचवाबद्दलचे गैरसमज मात्र जिवावर बेतणारे आहेत. ‘पिल्लं आईचं पोट फोडून बाहेर येतात आणि तिलाच खातात’ हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. विंचवी जिवंत पिल्लांना जन्म देते, ती तिच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकली की पांगतात. पाठीवरचा तो घोळका पाहूनच बहुधा ही गोष्ट रचली गेली असावी. दुसरा समज, ‘जितका मोठा आणि काळा, तितका घातक.’ महाराष्ट्रात जीव घेतो तो लहानखुरा लाल विंचू. काळा मोठा विंचूही वेदना देतो, पण लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं: दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध अशा रुग्णांना दिलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानं हेही दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो. मंत्र घालायला, उतारा करायला गेलेला वेळ हा या उपचारातून वजा झालेला वेळ असतो. घाम आणि उलटी दिसली की दवाखाना, दुसरं काही नाही.

बाजारात कोळंबी मासळीच्या शेजारी विकली जाते म्हणून तीही मासाच, असं धरून चालतात. एखाद्याला कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठलं की घरचे म्हणतात, ‘त्याला मासे सोसत नाहीत.’ बहुतेक वेळा दोष कोळंबीच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचा असतो. माशाची ॲलर्जी सहसा वेगळ्याच प्रथिनामुळे होते. तेव्हा मासे कायमचे बंद करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. उलट, कोळंबीच्या त्या प्रथिनाशी मिळतंजुळतं प्रथिन झुरळात आणि घरातल्या धुळीच्या सूक्ष्म माइट्समध्ये असतं, म्हणून काहींना तिन्हींचा त्रास होतो. कूळ एकच असल्याची ही खूण. खेकडा पोकळ लागला की आपण तिथीला दोष देतो. त्यानं नुकतीच कात टाकलेली असते, नवं कवच मोठं झालेलं असतं आणि मांस अजून भरायचं असतं.

शेवटचा समज शहराबाहेरच्या शिवारातला, पण कोल्हापूरच्या उसाच्या मुळावरचा. हुमणीला गांडुळाच्या जातीतला किडा समजणारे आहेत. गांडुळाला पायच नसतात. हुमणीला डोक्याजवळ सहा पाय स्पष्ट दिसतात, कारण ती भुंगेऱ्याची अळी आहे. वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर पाला खाणारे तपकिरी भुंगेरे आणि पुढे पावसाळ्यात उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी, हा एकच जीव. अळी जमिनीत खोल मोठी झाली की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. भुंगेरे झाडावर असतानाच फांद्या हलवून, प्रकाश सापळे लावून गोळा केले तर अंडी घातली जाण्याआधीच पीक वाचतं. तेही साऱ्या गावानं एकाच वेळी करावं लागतं. शेजारच्या बांधावरच्या बाभळीवर राहिलेले भुंगेरे तुमच्याच उसात अंडी घालायला येतात.