साल कागदावर नसते तेव्हा

संपादकांना मोडी वाचणाऱ्यांवर लेख हवा होता, म्हणून मी पुण्याच्या पेशवे दफ्तरात गेलो. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मोडीतल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तोवर हौशी लोकांची समजली जाणारी मोडी सरकारी कचेऱ्यांना निकडीची झाली. गेलो वाचणाऱ्यांसाठी, रेंगाळलो मात्र कागदांचे रुमाल सोडणाऱ्यापाशी.

दफ्तराचा इतिहास थोडक्यात असा. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि कागद ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. कंपनीला त्यांची गरज होती ती मुख्यतः महसुलासाठी. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे फक्त वहिवाटीचे, हे ठरवायला इनाम कमिशनने हेच गठ्ठे उपसले. अभ्यासकांना मात्र दार बराच काळ बंद होते. 1930 ते 1934 या काळात इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले, तेव्हा आत काय आहे याचा अंदाज लोकांना आला.

इथे कागदांची गणती कोटींत होते, पण मांडणीवर दिसतात ते रुमाल. सुती कापडाचा चौकोन, आत कागदांची पुडकी, वर गाठ. कापड धूळ अडवते आणि हवा खेळू देते. पावसाळ्यात बंद पत्र्याच्या पेटीत कागदाला बुरशी धरते, रुमालात ती भीती कमी. शिवाय गाठ मारलेल्या रुमालातून मधलाच एखादा कागद ओढून काढता येत नाही. तो हवा असेल तर सगळा रुमाल सोडावा लागतो.

माझ्यासमोर तो सोडणारे कर्मचारी वरचा कागद उचलत आणि डावीकडे पालथा ठेवत. त्यावर पुढचा, तोही पालथा. शेवटी सगळी चळत उलटली की मूळ क्रम जागच्या जागी. थुंकी लावून पान उलटायला सक्त मनाई. काजळीची शाई अडीचशे वर्षांत फिकी पडलेली नाही, पण ओल लागली की पसरते.

एका चिठ्ठीपाशी ते थांबले. शेवटी चंद्राचा ‘छ’, पुढे तारीख आणि रजब महिना. साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग कशाला लिहायचे? पूर्ण मिती असली की काम सोपे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून 1161. हे सुहूर साल मृगाला सुरू होते. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. जानेवारीचा कागद असेल तर 1761 निघते, म्हणजे पानिपताचा महिना. पण नुसत्या ‘छ’वरून काय काढणार? “कागदावर साल नसलं तर रुमालात असतं,” ते म्हणाले आणि चिठ्ठीच्या वरचा नि खालचा कागद दाखवला.

तेव्हापासून मला सुट्या कागदाची धास्ती वाटते. सरकारी दफ्तराला निदान गाठ मारणारा आहे. घराघरांतल्या दफ्तरांना तो नव्हता. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे त्यांच्यासाठी गावोगाव फिरले. वाईला मिळालेल्या पत्रांतून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. 1926 मध्ये ते धुळ्याला वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जे त्यांच्या हाती लागले नाही, त्यातले बरेच गांधीहत्येनंतर झालेल्या 1948 च्या जाळपोळीत गेले. मग कुलकर्णी वतने कायद्याने संपली आणि दफ्तराचा व्यवहारातला उपयोगही संपला. काही रुमाल नदीत सोडले गेले, काही बंबात गेले.

आता कागदाला पुन्हा किंमत आली आहे, आणि तीच नवी अडचण आहे. माळ्यावरचे पुडके सोडायचे, हवे ते नाव सापडले की तेवढा कागद कुणबी दाखल्यासाठी वेगळ्या फायलीत ठेवायचा. बाकीचे कसेही कोंबले जातात. संग्राहकाला शिक्क्याचा कागद हवा असतो, त्याच्या आगेमागचे हिशेब तो घेत नाही. स्कॅनिंगमध्येही हाच धोका. प्रतिमेला रुमालाचा क्रमांक आणि आतला अनुक्रम जोडला नाही, तर लाखो स्वच्छ प्रतिमा हाती येतील आणि त्यांतल्या कित्येकांचे साल कायमचे जाईल.

अलीकडच्या कागदांचेही तेच. जत्रेतल्या तमाशाच्या हँडबिलावर ‘शनिवारी रात्री 9 वाजता’ एवढेच असते. ते ज्या ट्रंकेत सापडले तिथल्या पावत्या आणि पासबुके रद्दीत घातली, तर तो शनिवार कुठल्या वर्षाचा हे कोण सांगणार?

म्हणून घरी जुने पुडके असेल तर मोडी येणारा माणूस शोधण्याआधी एक करा. गाठ सोडण्यापूर्वी पुडक्याचा फोटो काढा, आणि मग वरपासून खालपर्यंत प्रत्येक कागद ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने टिपा. वाचणारा पुढच्या वर्षीही मिळेल. मोडलेला क्रम पुन्हा लावता येणार नाही.